‘पोकेमॉन’च्या कठीण आवृत्त्या आणि स्पीडरनचे नियोजन : एक आकलन

१९९६ साली जपानमध्ये अवतरलेल्या ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ गेमच्या, चाहत्यांनी फेरबदल करून कठीण केलेल्या अनेक आवृत्त्या आहेत. त्या कमीत कमी वेळात संपविण्याचे, म्हणजे ‘स्पीडरन’चे नियोजन हे वस्तुतः संहितेचे सूक्ष्म वाचन ठरते. मूळ खेळात एकच प्राणी बलवान करून बहुतेक लढती जिंकता येतात. कठीण आवृत्तीत प्रतिस्पर्ध्याकडे त्याचा उतारा तयार असतो. तेथे टाळलेल्या लढतीचे अनुभवगुण पुढे दामदुपटीने फेडावे लागतात. शिवाय आघाताचा जोर ८५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान यदृच्छेने ठरतो. किती दैवावर सोडावे, हाच नियोजनाचा गाभा होय.

मावळातील वाचकास येथे उंबरखिंड आठवणे स्वाभाविक आहे. १६६१ मध्ये लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरणाऱ्या कारतलबखानास शिवाजी महाराजांनी त्या खिंडीत कोंडले. भूमीचे पूर्वज्ञान निर्णायक ठरले, इतके साम्य खरे. तथापि अशा नियोजनास सरसकट ‘गनिमी कावा’ म्हणणे उथळपणाचे आहे. मावळ्यांना ती खिंड तेथे वावरून ठाऊक होती. खेळाडूला प्रत्येक लढत पुनःपुन्हा हरून कळते. विक्रमाच्या नोंदीत मात्र यशस्वी वेळ तेवढी उरते. हरलेल्या डावांचा हिशेब खेळाडूच्या टिपणवहीत असतो, आणि समीक्षेने अद्याप ती पुरेशी उघडलेली नाही.