निवड आणि क्रम : मिक्सटेपचा अन्वय

आवडत्या गाण्यांची यादी आणि आवडत्या गाण्यांची मिक्सटेप ह्या गोष्टी सामान्यतः एकच मानल्या जातात. वस्तुतः त्यांच्यांतील भेद शब्दसंग्रह आणि वाक्य ह्यांच्यांतील भेदासारखा आहे. यादीतील क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. मिक्सटेपमधील क्रम बदलला की आशय पालटतो. स्वतःचा एकही शब्द न लिहिता, केवळ इतरांची गीते निवडून व जुळवून, मनुष्य काही नवे सांगू शकतो काय, हा प्रश्न म्हणूनच भाषाभ्यासाच्या कक्षेत येतो. ब्रिटनमधील इंडी रॉकच्या संदर्भात त्याचा विचार करणे सोयीचे आहे, कारण ह्या संगीताच्या एका कालखंडाला नावच मुळी एका कॅसेटवरून मिळाले.

'इंडी' हा 'इंडिपेंडंट' ह्या शब्दाचा संक्षेप होय. १९८० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांची क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा तीत समावेश होण्याची कसोटी वितरणाची होती. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरून जिचे वितरण होई ती ध्वनिमुद्रिका इंडी, मग तिच्यातील संगीत कोणत्याही वळणाचे असो. पुढे मात्र हा शब्द गिटारप्रधान अशा एका विशिष्ट शैलीचा वाचक बनला. व्यवहारातील संज्ञा अशा रीतीने अभिरुचीची संज्ञा झाली.

ह्या स्थित्यंतरात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' ह्या साप्ताहिकाने १९८६ मध्ये काढलेल्या 'सी८६' ह्या कॅसेटचा वाटा मोठा आहे. कोऱ्या कॅसेटवर 'सी६०', 'सी९०' अशी एकूण मिनिटांची खूण असे. त्या खुणेतील अक्षर आणि चालू वर्षाचा आकडा जोडून हे नाव घडविले गेले. कॅसेटवर २२ गटांचे प्रत्येकी एक गीत होते. दर बाजूस ११. आरंभ प्रायमल स्क्रीम ह्या गटाच्या दीड मिनिटाहूनही लहान अशा मधुर गीताने होतो. परंतु त्याच बाजूस स्टंप, बॉगशेड, ए विटनेस ह्यांची तुटक, खडबडीत, कानाला टोचणारी रचनाही आहे. ए विटनेस आणि एज ऑफ चान्स ह्या दोन कर्कश गटांच्या मध्ये पेस्टल्सचे सैल, हळुवार गाणे येते. स्वतंत्रपणे ऐकताना जे केवळ हळुवार वाटले असते, ते येथे शेजाऱ्यांमुळे काहीसे हट्टी वाटू लागते. हा परिणाम पेस्टल्सच्या गीतात नाही व शेजारच्या गीतांतही नाही. तो संयोजनातून निष्पन्न झालेला आहे.

पुढे 'सी८६' हे शैलीनाम झाले, तेव्हा त्यातून केवळ मधुर, किणकिणत्या गिटारांच्या संगीताचा बोध होऊ लागला. कर्कश अर्धा भाग नावातून गळून पडला. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण होय. कॅसेट जे बोलत होती ते दोन स्वभावांच्या सहवासाविषयी होते. संज्ञेने त्यांतील एकच स्वभाव जतन केला.

रोमान याकोबसनने १९५६ मध्ये भाषाव्यवहाराची दोन अंगे सांगितली : निवड आणि संयोजन. मिक्सटेप करणारा ह्या दोन्ही क्रिया करतो. फरक एवढाच की त्याचे घटक आधीच पूर्ण झालेली गीते असतात. निवड ही निर्मिती असू शकते, हा विचार मराठी वाचकाला परका नाही. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत, हालाने कोटी गाथांमधून सातशे निवडल्या असे त्या संग्रहातच म्हटले आहे, आणि संग्रह हालाच्याच नावाने ओळखला जातो. तथापि हे साम्य फार ताणता येत नाही. गाथा हे मुक्तक आहे. सप्तशतीच्या निरनिराळ्या पाठपरंपरांत गाथांचा क्रम भिन्न आढळतो, तरी तिची गोडी टिकून राहते. मिक्सटेपला असा क्रमभेद सोसत नाही.

ह्या क्रमाला बळ मिळाले ते साधनाच्या मर्यादांमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेल्या ह्या कॅसेटच्या सी९० प्रकारात दर बाजूस ४५ मिनिटे मिळत. घरी नक्कल करताना गीत सहसा पूर्ण ऐकत उतरवावे लागे. बाजू उलटण्याचा विराम छंदातील यतीसारखा असे. त्याच्या आधी काय व नंतर काय, हे ठरवावेच लागे. आजच्या प्लेलिस्टमध्ये लांबीचे बंधन जाणवत नाही, आणि क्रम विस्कटून ऐकण्याची सोय एका कळीवर आहे. ह्याचा दोष यंत्राला देणे हे स्मरणरंजन ठरेल. प्लेलिस्टलाही क्रम देता येतो. मात्र जी मर्यादा पूर्वी साधन घालून देत होते, ती आता रचणाऱ्याने स्वतः स्वीकारावी लागते. ती न स्वीकारल्यास उरतो तो केवळ संचय.

तरीही क्रम साधला म्हणजे सर्व साधले असे नव्हे. निक हॉर्नबी ह्यांच्या 'हाय फिडेलिटी' (१९९५) ह्या कादंबरीचा नायक लंडनमधील ध्वनिमुद्रिकांचा दुकानदार आहे. मिक्सटेपचे नियम त्याला मुखोद्गत आहेत. पण त्याच्या कॅसेटांतून प्रामुख्याने त्याच्या अभिरुचीचा अधिकार सिद्ध होतो. कादंबरीच्या शेवटी तो लॉरासाठी मनातल्या मनात एक कॅसेट जुळवू लागतो, आणि प्रथमच तिला परिचित असलेली, तिला ऐकावीशी वाटतील अशी गाणी निवडू पाहतो. त्याच्या ज्ञानात येथे कोणतीच भर पडलेली नाही. बदलला आहे तो संबोध्य.

मिक्सटेपच्या समीक्षेत गीतांचा दर्जा किंवा दुर्मिळता मोजणे म्हणूनच पुरेसे नाही. ही गीते ह्या क्रमाने कोणाला उद्देशून ठेवली आहेत, आणि ऐकणाऱ्यासाठी त्या क्रमात जागा राखली आहे की नाही, हे आधी विचारले पाहिजे. ज्या मिक्सटेपमध्ये अशी जागा नाही, ती अभिरुचीचे प्रमाणपत्र ठरेल. तिला संभाषण म्हणता येणार नाही.