‘मुळे’ आणि ‘सोबत’ : मेलॅटोनिनविषयक मराठी लेखनाची एक चिकित्सा

आरोग्यविषयक मराठी लेखनात ‘मेलॅटोनिनमुळे शरीरातील खनिजांचा समतोल राखला जातो’ अशा धर्तीचे वाक्य सहज खपून जाते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. पुराव्याच्या दृष्टीने मात्र सदोष आहे. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कारण सांगते, तर ‘सोबत’ केवळ साहचर्य. यांपैकी कोणते योजावे, हे लेखकाच्या रुचीवर नव्हे, तर प्रयोगाच्या रचनेवर अवलंबून असते.

डेन्मार्कमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अस्थिघनता घटलेल्या ८१ रजोनिवृत्त स्त्रियांची यदृच्छेने गटवारी करून त्यांना वर्षभर मेलॅटोनिन किंवा औषधरहित गोळी देण्यात आली. मेलॅटोनिन घेणाऱ्या स्त्रियांच्या मांडीच्या हाडाच्या मानेतील खनिजघनता तुलनेने १.४ टक्क्यांनी अधिक भरली. येथे ‘मुळे’ म्हणता येते. परंतु त्या हाडापुरतेच. ‘खनिजांचा समतोल’ हा व्यापक शब्दप्रयोग त्यातून निष्पन्न होत नाही.

जेनिफर ल्यूक यांचे २००१ सालचे संशोधन निराळ्या जातीचे आहे. त्यांनी ११ वृद्ध मृतदेहांतील पीनियल ग्रंथी तपासल्या. मेलॅटोनिन स्रवणाऱ्या या ग्रंथीत फ्लोराइड साठलेले आढळले. जेथे कॅल्शियम अधिक, तेथे फ्लोराइडही अधिक होते. येथे ‘सोबत’ एवढेच म्हणण्याचा अधिकार पोचतो. त्या फ्लोराइडमुळे मेलॅटोनिनचा स्राव घटला, असे या तपासणीवरून म्हणता येत नाही.

हा भेद म्हणजे निव्वळ शब्दच्छल नव्हे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरातील भूजलात काही ठिकाणी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेहून अधिक फ्लोराइड आढळलेले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यामुळे दातांवर डाग पडतात, हाडे व सांधे जखडतात. येथील ‘मुळे’ निर्विवाद आहे. अशा गावातील वाचकाने आरंभी उद्धृत केलेले वाक्य प्रमाण मानले, तर हाडांतील बिघाडावर उपाय तो झोपेच्या गोळीत शोधील आणि पिण्याचे पाणी बदलण्याचा खरा प्रश्न दृष्टिआड होईल.

शास्त्रीय मराठीची चर्चा बहुधा ‘हार्मोन’ की ‘संप्रेरक’ अशा नामांपाशीच थांबते. वस्तुतः ‘संप्रेरक’ हा शब्द कितीही समर्पक असला, तरी त्यापुढील चुकीचे ‘मुळे’ त्याने दुरुस्त होत नाही. म्हणून परिभाषेच्या अभ्यासात नामांइतकीच अव्ययांचीही परीक्षा होणे अगत्याचे आहे.