निकल्सनचा दुकानदार आणि अमात्यांचा टोपीकर

आंतरराष्ट्रीय संबंध व राजनय या विषयाच्या एम्. ए. च्या वर्गात सर हॅरल्ड निकल्सन यांचे 'डिप्लोमसी' हे पुस्तक पिढ्यान् पिढ्या वाचले जात आले आहे. १९३९ साली ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ई. एच्. कार यांचा 'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस' हा ग्रंथ निघाला. अभ्यासक्रमाच्या नावातील पहिल्या भागाला कार यांनी पाया दिला, तर 'व' या अव्ययानंतर येणाऱ्या शब्दाला निकल्सन यांनी, असे म्हणावयास हरकत नाही. कार यांच्यावर पुढे टीकेचे डोंगर रचले गेले. निकल्सन यांच्या वाट्याला मात्र आदर आला, आणि आदर हा पाठ्यपुस्तकाला फारसा मानवत नाही.

या विषयाच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना आदर्श राजदूताचे सात गुण तोंडपाठ असतील : सत्यनिष्ठा, काटेकोरपणा, शांतपणा, सोशिकपणा, प्रसन्न स्वभाव, विनय व निष्ठा. निकल्सन यांची ही यादी विद्यार्थी बिनचूक लिहितात व गुण मिळवितात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने या सातांखाली आठवा गुण लिहिला होता : 'मागे आरमार असावे.' मी त्या ओळीवर काट मारली. प्रस्तुत टिपण हे त्या काटेचे परीक्षण आहे.

पुस्तकाचे मोठेपण प्रथम सांगितले पाहिजे. धोरण ठरविणे व वाटाघाट करणे ही दोन भिन्न कामे आहेत, हा भेद निकल्सन यांच्याइतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी मांडला असेल. धोरण लोकप्रतिनिधींपुढे उघड असावे, वाटाघाट मात्र जाणत्यांनी बंद दाराआड करावी, हे त्यांचे म्हणणे. ८ जानेवारी १९१८ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जी चौदा कलमे मांडली, त्यांतील पहिल्याच कलमात या दोहोंची गल्लत झाली होती. आणि उघड वाटाघाटींचा तोच पुरस्कर्ता पुढल्या वर्षी पॅरिसमध्ये मोजक्या सहकाऱ्यांसह दारे लावून बसला. निकल्सन त्या परिषदेत ब्रिटिश शिष्टमंडळातील कनिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या लिखाणाला जो भरीवपणा आहे तो या प्रत्यक्ष अनुभवाचा.

अडचण येते ती त्यांच्या दुसऱ्या, अधिक गाजलेल्या भेदापाशी. राजनयाचे दोन संप्रदाय ते मानतात : एक योद्ध्याचा, दुसरा दुकानदाराचा. योद्धा वाटाघाटीकडे लढाईचाच एक प्रकार म्हणून पाहतो. त्याला तडजोड नको, विजय हवा असतो. दुकानदार जाणतो की, गिऱ्हाइकाला बुडविण्यापेक्षा दोघांनाही परवडेल असा सौदा अखेर किफायतीचा ठरतो. हा दुसरा संप्रदाय ते मुख्यत्वे इंग्लंडचा मानतात. त्याचेही दोष ते सांगतात, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. पण ते दोष भोळेपणाचे, म्हणजे दुसऱ्यावर फाजील भिस्त ठेवण्याचे आहेत. दुकानदाराच्या हातून गिऱ्हाइकाला काही अपाय होऊ शकेल, ही शक्यता या विवेचनात जवळजवळ येतच नाही.

येथे मराठी वाचकाला एक जुने पुस्तक आठवल्यावाचून राहत नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, म्हणजे निकल्सन यांच्या सव्वादोनशे वर्षे आधीचे. त्यातील साहुकारांविषयीच्या प्रकरणात टोपीकरांचा विषय निघतो. अमात्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फरासीस वगैरे टोपीकर व्यापार करितात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे, आणि राजा असून प्रदेशाचा लोभ नाही असे घडत नाही. आरमार व दारूगोळा हेच त्यांचे बळ होय. म्हणून त्यांची ये-जा असू द्यावी, परंतु वखारीसाठी समुद्रकाठी अथवा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये.

निकल्सन यांनी दुकान पाहिले ते गल्ल्यामागून, अमात्यांनी ते पाहिले गल्ल्यापुढून. एकाला दुकानदाराची समजूतदार वृत्ती दिसली, दुसऱ्याला त्याने दुकानासाठी मागितलेली जागा. व्यापारी हा राजकीय पुरुष असतो, हे दोघांनाही मान्यच आहे. परंतु त्यापुढे विचारावयाचा प्रश्न प्रत्येकाचा निराळा आहे. सौदा उभयतांना किफायतीचा झाला की नाही, हे निकल्सन पाहतात. सौदा संपल्यावर दुकान कोठे उभे असेल, हे अमात्य पाहतात.

या प्रश्नाचे मोल ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहावरून ठरवावे. २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला होता, आणि दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला वसईस आले होते. कर्नल क्लोज यांच्याशी झालेला हा तह दुकानदारी राजनयाचा उत्तम नमुना आहे. भाषा मैत्रीची : एकाचे मित्र व शत्रू ते दोघांचेही. देवघेव उघड व मोजलेली : सहा हजार पायदळ, आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख. बाजीरावांना गादी मिळाली, कंपनीला छावणी मिळाली. पण त्याच तहात एक सौम्य कलम आहे. कंपनीला आगाऊ कळविल्याशिवाय व तिच्याशी विचारविनिमय केल्याशिवाय पेशव्यांनी अन्य कोणत्याही सत्तेशी बोलणे सुरू करू नये अथवा चालवू नये. विचारविनिमय! ज्या दरबाराचे वकील दिल्लीपासून हैदराबादेपर्यंत बसत होते, त्याचा वकील पाठविण्याचा हक्कच या सभ्य शब्दाने विकत घेतला. यापुढे दोघांत सौदा होण्याजोगे फारसे काही उरले नाही. निकल्सन यांच्या चौकटीत हा तह यशस्वी तडजोड म्हणून बसतो, आणि तो तसा बसतो हाच त्या चौकटीवरील माझा आक्षेप आहे.

विशेष हे की, निकल्सन यांच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले ते सारे त्यांच्या पाठ्यपुस्तकात उतरलेले नाही. १९३३ च्या 'पीसमेकिंग १९१९' या त्यांच्या पुस्तकाच्या उत्तरार्धात परिषदेच्या दिवसांतील रोजनिशी आहे. एप्रिल १९१९ मध्ये जनरल स्मट्स बेला कुन यांच्या सरकारशी बोलणी करण्यास बुडापेस्टला गेले, तेव्हा निकल्सन बरोबर होते. स्मट्स आगगाडीतून उतरले नाहीत. उतरणे म्हणजे त्या सरकारला मान्यता दिल्यासारखे झाले असते; म्हणून यजमानालाच पाहुण्याच्या डब्यात यावे लागले. कुन यांनी मसुद्याला आपली अट जोडून तो परत आणला, स्मट्स यांनी ती नाकारली, आणि गाडी स्टेशनातून निघून गेली. सोशिकपणा व विनय यांत कोठेही उणेपणा नव्हता. सातही गुण त्या डब्यात हजर होते. पण निर्णय झाला तो गाडी कोणाची होती यावरून. असे असता 'डिप्लोमसी' एम्. ए. च्या विद्यार्थ्याच्या हाती यावे आणि ही रोजनिशी येऊ नये, याचे मला नवल वाटते.

यावर दोन आक्षेप येतील. 'आज्ञापत्र' हा राजनयाचा ग्रंथ नव्हे, राज्यव्यवहाराचा आहे, हा पहिला. तो खरा आहे. वकिलाने दरबारात कसे वागावे हे शिकण्यासाठी अमात्यांकडे जाण्यात अर्थ नाही. तेथे निकल्सनच बरे. भारतीय परंपरेला अभ्यासक्रमात कौटिल्याच्या रूपाने स्थान आहेच, हा दुसरा आक्षेप. आहे खरे, पण ते देव्हाऱ्यातले स्थान आहे. मंडलसिद्धान्ताची आकृती काढली की कौटिल्य संपला. निसृष्टार्थ, परिमितार्थ व शासनहर या दूतांच्या तीन प्रकारांत, कोणाला किती बोलण्याचा अधिकार आहे याचा जो बारीक विचार आहे, तो आजच्या शिष्टमंडळांच्या अधिकारपत्रांशी ताडून पाहिल्याचे क्वचितच आढळते. रा. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेली 'अर्थशास्त्रा'ची आवृत्ती साठोत्तरीपासून उपलब्ध आहे. साधनांची उणीव ही सबब येथे चालणार नाही.

निकल्सन यांना अभ्यासक्रमातून काढावे असे मी म्हणत नाही. त्यांच्या शेजारी, त्याच प्रश्नपत्रिकेत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा एक तरी लेख असावा, एवढीच सूचना आहे. वसईच्या तहाची कलमे विद्यार्थ्यापुढे ठेवावीत आणि विचारावे : यांत तडजोड कोणती व शरणागती कोणती, हे कलमाच्या शब्दांवरून दाखवा. चार्ल्स मॅलेट १७८६ पासून १७९७ पर्यंत पुण्यात रेसिडेंट होते. त्यांचा पत्रव्यवहार सरदेसायांनी संपादून १९३६ साली इंग्रजीतच छापलेला आहे, तेव्हा मराठी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो वाचता येईल. त्याच काळातील मराठी वकिलांची पत्रे ज्याला वाचता येतील त्याने ती शेजारी ठेवावीत. एकच दरबार दोन्ही बाजूंनी दिसण्याची अशी संधी पॅरिसच्या किंवा व्हिएन्नाच्या अभ्यासकालाही सहजी मिळत नाही.

त्या जुन्या उत्तरपत्रिकेतील ओळ मोजक्या शब्दांची होती, तिला स्पष्टीकरण नव्हते, आणि प्रश्नात विचारलेल्या यादीबाहेर ती होती. आज ती पुन्हा हाती आली तर पूर्ण गुण देईन की नाही, हे सांगता येत नाही. समासात 'अमात्य पाहा' एवढे मात्र लिहीन.