विद्यापीठ ग्रंथालयातील ई-संसाधनांचे व्यवस्थापन : थळच्या वाचकाच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

विद्यापीठ ग्रंथालयातील ई-संसाधनांच्या व्यवस्थापनाचे यश बहुधा उपलब्ध नियतकालिकांच्या संख्येवरून मोजले जाते. हा निकष अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. रायगड किनाऱ्यावरील थळ या गावातील वाचक आणि त्या परिसराविषयीची माहिती-साधने यांचे उदाहरण घेऊन प्रवेश, शोध आणि जतन या तीन कसोट्यांवर प्रचलित व्यवस्थापनाची तपासणी येथे केली आहे. खरेदीचे काम केंद्रीय पातळीवर गेल्यानंतर विद्यापीठ ग्रंथालयाचे खरे कार्य याच तीन क्षेत्रांत उरते, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : ई-संसाधने, संघीय वर्गणी, परवाना करार, नामप्रमाणीकरण, डिजिटल जतन, थळ, खांदेरी

१. प्रस्तावना

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी दुसरे सूत्र वाचकाच्या बाजूने आणि तिसरे ग्रंथाच्या बाजूने एकच गोष्ट सांगते. ती म्हणजे दोघांची गाठ पडली पाहिजे. छापील ग्रंथाच्या काळात ही गाठ पडली की नाही हे देवघेवीच्या नोंदवहीत दिसत असे. इलेक्ट्रॉनिक साधनांच्या काळात ग्रंथालयाच्या अहवालात नियतकालिकांची संख्या, डेटाबेसची नावे आणि वर्गणीची रक्कम दिसते. वाचक मात्र त्या आकड्यांमागे दिसेनासा होतो.

हा वाचक नेमका कोठे आहे, हे पाहण्यासाठी थळचे उदाहरण उपयुक्त ठरते. थळ हे अलिबागच्या उत्तरेस असलेले किनाऱ्यावरील गाव. त्याच्या समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी ही बेटे आहेत. गावात कोळी समाजाची मासेमारी आहे, वाड्या आहेत, आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया व युरिया निर्मितीचा मोठा प्रकल्पही आहे. रायगड जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये प्रामुख्याने मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. परंतु त्याची ग्रंथालये खाडीपलीकडे मुंबईत आहेत. थळचा विद्यार्थी विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, पण विद्यापीठाच्या आवारातील वाचक नाही. ई-संसाधनांनी हे अंतर मिटवावे, अशी अपेक्षा होती. ती कितपत पूर्ण झाली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. खरेदीचा प्रवास

भारतातील ई-संसाधनांचा इतिहास हा मुख्यत्वे सामूहिक खरेदीचा इतिहास आहे. एकेकट्या विद्यापीठाला परदेशी प्रकाशकांच्या किमती परवडत नसल्याने इन्फ्लिबनेट या संस्थेच्या माध्यमातून यूजीसी-इन्फोनेट ही संघीय वर्गणीची योजना २००४ पासून विद्यापीठांसाठी कार्यान्वित झाली. महाविद्यालये तिच्या कक्षेबाहेर राहिली होती. त्यांच्यासाठी २०१० मध्ये एन-लिस्ट ही स्वतंत्र योजना आली. २०१५ मध्ये निरनिराळे संघ एकत्र करून ई-शोधसिंधू अस्तित्वात आले. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था, अशी तिची मांडणी आहे.

या प्रवासाचे मोल कमी लेखता येणार नाही. खत प्रकल्पाच्या परिसरात राहून रसायनशास्त्राचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याला अमोनियाच्या उत्प्रेरकांवरील ताजे संशोधन वाचता येणे, ही एका पिढीपूर्वी अशक्यप्राय गोष्ट होती. सामूहिक वाटाघाटींमुळे प्रकाशकांसमोर ग्रंथालयांचे बळ वाढले, हेही खरे.

मात्र याच प्रवासात ग्रंथपालाच्या हातून एक गोष्ट निसटत गेली. पूर्वी तो एकेक नियतकालिक निवडत असे. आता तो संच स्वीकारतो. संचात काय असावे हे प्रकाशक आणि केंद्रीय समिती ठरवतात. निवडीची जबाबदारी वर सरकली, आणि खाली ‘व्यवस्थापन’ या शब्दाचा अर्थ दुवे संकेतस्थळावर लावणे आणि वर्षअखेरीस आकडे पाठवणे एवढाच राहण्याचा धोका निर्माण झाला.

३. प्रवेशाची कसोटी

ई-संसाधनाच्या व्यवस्थापनाचे टप्पे जागतिक ग्रंथालयविश्वात बरेच आधी निश्चित झाले आहेत. अमेरिकेतील डिजिटल लायब्ररी फेडरेशनने २००४ च्या अहवालात चाचणी, परवाना, कार्यान्वयन, वाचकसाहाय्य, मूल्यमापन आणि नूतनीकरण हे चक्र तपशिलाने मांडले. या चक्रात परवाना हा केंद्रबिंदू आहे. कारण ई-संसाधन विकत घेतले जात नाही, ते वापरण्याची परवानगी घेतली जाते. परवानगी कोणाला, कोठून आणि किती काळ, हे तीन प्रश्न म्हणजेच व्यवस्थापन होय.

‘कोठून’ या प्रश्नाचे जुने उत्तर संगणकाचा आयपी पत्ता हे होते. आवारातील संगणकावर लेख उघडतो, आवाराबाहेर उघडत नाही. या पद्धतीत थळच्या घरी बसलेला वाचक आपोआप वगळला जातो. त्यावर इन्फेड या ओळखपडताळणी महासंघाचा उपाय उपलब्ध आहे. त्यात वाचक आपल्या संस्थेने दिलेल्या ओळखीने कोठूनही प्रवेश करू शकतो. तथापि यासाठी प्रत्येक संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांची खाती वेळेवर तयार करणे, उत्तीर्ण झालेल्यांची बंद करणे आणि विसरलेले परवलीचे शब्द बदलून देणे आवश्यक असते. काम किरकोळ वाटते, पण ते झाले नाही तर कोट्यवधींची वर्गणी त्या वाचकापुरती शून्य ठरते.

‘कोणाला’ हा प्रश्न अधिक अवघड आहे. नव्या योजनेची मांडणी केंद्र किंवा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्था आणि केंद्रीय संशोधन संस्था अशी करण्यात आली. कोकणातील बहुसंख्य महाविद्यालये मात्र शिक्षणप्रसारक मंडळांनी उभी केलेली आहेत. त्यामुळे संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा हक्क कोणत्या योजनेतून येतो, हे विद्यापीठ ग्रंथालयाने प्रत्येक महाविद्यालयास स्पष्टपणे कळवले पाहिजे. शिवाय विद्यार्थी वा शिक्षक नसलेल्या वाचकाचाही विचार व्हावा. मच्छीमार सहकारी संस्थेचा कार्यकर्ता किंवा निवृत्त शिक्षक यांना छापील ग्रंथालयात बसून नियतकालिक चाळता येत असे. ई-संसाधनांत त्यांना अशी मुभा आहे की नाही, हे परवान्यातील आगंतुक वाचकाविषयीच्या कलमावर अवलंबून असते.

वापराचे आकडे ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे मिळतात, आणि वर्गणीला वापराने भागून प्रति वापर खर्च काढण्याची प्रथा रूढ आहे. त्याच अहवालांत नाकारलेल्या प्रवेशांचीही नोंद असते. परवाना नसल्यामुळे किती वाचक दारातून परत गेले, हे ती सांगते. यशाच्या आकड्याइतकेच लक्ष या नकारांकडे दिले जायला हवे. अर्थात जो दारापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची नोंद कोणत्याही प्रमाणात नाही. ती स्थानिक ग्रंथपालालाच घ्यावी लागते.

४. शोधाची कसोटी

प्रवेश मिळाला, तरी साधन सापडले पाहिजे. खांदेरी हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या बेटावर दुर्गबांधणी सुरू केली; मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही तिला विरोध केला. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश झाला. साहजिकच थळच्या विद्यार्थ्याने आपल्या दारासमोरच्या या दुर्गावर प्रकल्प लिहावा, ही अपेक्षा आता अधिक होईल.

त्याने ‘खांदेरी’ हा शब्द आजच्या रोमन वर्णरचनेत टाकून शोध घेतला, तर जुन्या इंग्रजी साधनांतील बराच भाग त्याच्या हाती लागणार नाही. कारण तेथे हे बेट ‘केनरी’ आणि उंदेरी ‘हेनरी’ अशा रूपांत येते. ‘थळ’ शोधल्यास थळ घाट आणि पाकिस्तानातील थल वाळवंट समोर येते. ‘कुलाबा’ या नावाने अलिबागचा जलदुर्ग, जुना जिल्हा आणि मुंबईचे दक्षिण टोक अशा तीन गोष्टी निघतात. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्यामुळे १८८३ चा कुलाबा व जंजिरा गॅझेटियर आणि १९६४ ची त्याची सुधारित मराठीपूर्व इंग्रजी आवृत्ती ही दोन्ही मूलभूत साधने ‘रायगड’ या शब्दाखाली सापडत नाहीत. सापडतो तो बहुधा महाडजवळचा राजधानीचा किल्ला.

हा दोष संगणकाचा नाही. नावांचे प्रमाणीकरण करून पर्यायी रूपे एकमेकांस जोडणे, हे ग्रंथपालाचे जुनेच काम आहे. तालिकापत्रांच्या काळात ‘पाहा’ असा निर्देश लिहून ते होत असे. संच पुरवणारा प्रकाशक थळसाठी असे निर्देश तयार करणार नाही. त्याला थळ ठाऊक नाही. ते विद्यापीठ ग्रंथालयालाच करावे लागेल.

मराठी साधनांची अडचण याहून मोठी आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रकाशने, शां. वि. आवळसकर यांचा ‘आंग्रेकालीन अष्टागर’ यांसारखे ग्रंथ किंवा स्थानिक नियतकालिकांचे अंक या किनाऱ्याच्या अभ्यासास अपरिहार्य आहेत. परंतु वर्गणीच्या संचांची रचना आंतरराष्ट्रीय नियतकालिकांभोवती झालेली आहे. जे मराठी साहित्य अंकीय रूपात आहे, त्यातील पुष्कळसे केवळ पृष्ठांची चित्रे आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित झालेल्या मराठी प्रबंधांत डोळ्यांना देवनागरी दिसते, पण शोधयंत्राला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंध अंकीय रूपात जमा होऊ लागले आणि शोधगंगा हा मोलाचा साठा उभा राहिला. मात्र ज्या प्रबंधाच्या मजकुरात शोध घेता येत नाही, तो साठवलेला असतो, उपलब्ध नसतो.

५. जतनाची कसोटी

तिसरा प्रश्न ‘किती काळ’ हा. वर्गणी थांबल्यावर आधीच्या वर्षांचे अंक ग्रंथालयाकडे राहतात काय, याचे उत्तर प्रत्येक करारात वेगळे असते. छापील नियतकालिकाची वर्गणी बंद झाली तरी बांधीव खंड कपाटात राहत. जतनाचे हे मोल अलिबागच्याच संदर्भात उत्तम प्रकारे दिसते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात भूचुंबकीय निरीक्षणे नोंदली जात होती. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे निरीक्षणांत व्यत्यय येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू झाली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी घेऊन मालिका अखंड राखण्यात आली. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळाच्या कुलाब्यातील नोंदींचा आधार घेऊन भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या गटाने २००३ मध्ये त्या वादळाच्या तीव्रतेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी ते शक्य झाले, कारण नोंदी कोणीतरी जपून ठेवल्या होत्या. २०२५ मध्ये केवळ परवान्यावर वाचलेला लेख तेवढ्या काळानंतर कोणाच्या ताब्यात असेल, याचे उत्तर आजच्या करारात लिहिलेले असले पाहिजे.

मुक्त साधनांवर विसंबणे हाही पुरेसा उपाय नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीचे मूळ कागद सांभाळणाऱ्या ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिच्या अनेक अंकीय सेवा कित्येक महिने बंद राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हलाही अशाच हल्ल्यामुळे काही दिवस सेवा थांबवावी लागली. त्या दिवसांत खांदेरीविषयी १६७९ ची इंग्रजी पत्रे पाहू इच्छिणाऱ्यास १९३१ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झालेला शिवकालीन इंग्रजी कागदांचा छापील संग्रहच उपयोगी पडला असता. अर्थात तो जवळच्या ग्रंथालयात असता तर.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये, छापील प्रत जवळ असल्यास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची सवलत आली. परंतु ती अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयासाठी आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयाने तिचा आधार घेण्यापूर्वी विधी सल्ला घेणे इष्ट. प्रताधिकाराची मुदत संपलेल्या साहित्याबाबत अशी अडचण नाही, आणि स्थानिक इतिहासाचे कितीतरी साहित्य या वर्गात मोडते.

६. समारोप व शिफारशी

वरील चिकित्सेवरून असे दिसते की, ई-संसाधनांच्या खरेदीत भारतीय व्यवस्थेने मोठा पल्ला गाठला असला, तरी खरेदी म्हणजे व्यवस्थापन हे समीकरण वाचकाला न्याय देत नाही. खरेदीचा भार केंद्राकडे गेल्याने विद्यापीठ ग्रंथालयाचे महत्त्व घटत नाही. उलट जे काम केंद्र करू शकत नाही ते आता त्याच्यावरच येते. त्यादृष्टीने पुढील बाबी विचारार्ह वाटतात.

(अ) प्रत्येक संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आवाराबाहेरून प्रवेशाची ओळख सत्राच्या आरंभीच मिळावी आणि नाकारलेल्या प्रवेशांचा आढावा वार्षिक अहवालात यावा.

(आ) परवान्यातील आगंतुक वाचक, आंतरग्रंथालयीन देवघेव आणि वर्गणीनंतरचा प्रवेश ही कलमे सोप्या मराठीत सारांशरूपाने प्रसिद्ध करावीत.

(इ) विद्यापीठ क्षेत्रातील स्थलनामांची जुनी-नवी, मराठी-इंग्रजी रूपे जोडणारी प्रमाणसूची महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या साहाय्याने तयार करावी.

(ई) वर्गणीत वाचलेल्या रकमेचा निश्चित वाटा मराठी व स्थानिक साधनांचे शोधक्षम अंकीकरण आणि छापील प्रतींचे जतन यांसाठी राखून ठेवावा.

यांपैकी पहिल्या दोन शिफारशींना नव्या निधीची फारशी गरज नाही; लागते ती कामाची फेरआखणी. पुढील दोन शिफारशी खर्चिक आहेत, परंतु त्या टाळल्यास एक विसंगती कायम राहील. थळच्या वाचकाला जगातील हजारो नियतकालिके उघडता येतील, आणि किनाऱ्यावरून रोज दिसणाऱ्या खांदेरीविषयी आपल्या भाषेत लिहिलेले पान मात्र सापडणार नाही. ही विसंगती किती दूर झाली, हाच विद्यापीठ ग्रंथालयाच्या ई-संसाधन व्यवस्थापनाचा यापुढील निकष मानला जावा.