हाँगकाँगची नौदल गोदी आणि नागरिकांचा अर्ज : एक चिकित्सा
विसाव्या शतकाच्या आरंभी हाँगकाँगच्या नागरिकांनी नौदल गोदीच्या विस्ताराविरुद्ध केलेला अर्ज केवळ जागेचा वाद म्हणून वाचणे अपुरे ठरते. डोंगर व समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या व्हिक्टोरिया शहराचे या गोदीने दोन तुकडे केले होते. १८९० मध्ये सुरू झालेल्या किनारा-भरावाची सलगताही तिच्यापाशी खुंटली. तक्रार रास्तच होती. मात्र नौदलाच्या संरक्षणावर ज्यांचा व्यापार उभा होता, तेच त्याला अन्यत्र जाण्यास सांगत होते, ही त्यातील विसंगती दुर्लक्षिता येत नाही. शिवाय ‘नागरिक’ म्हणजे कोण? बहुसंख्य चिनी रहिवाशांना वसाहतीच्या कारभारात नाममात्र वाव होता. गोदी अखेर १९५९ मध्ये बंद झाली. तो परिसर आजही ‘ॲडमिरल्टी’ याच नावाने ओळखला जातो.