अवजाराची बढती आणि संकलकाची पारख : ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळ म्हटले की तलवार, राक्षस आणि युद्ध डोळ्यांसमोर येते. परंतु या खेळांत शस्त्राला हातही न लावता केवळ लाकूड तोडणारा, वनस्पती गोळा करणारा, खनिज खणणारा आणि त्यांपासून वस्तू घडविणारा असा एक मोठा खेळाडूवर्ग असतो. त्याची प्रगती त्याच्या अवजारांच्या श्रेणीवरून मोजली जाते. श्रमाचे हे चित्रण कोणत्या गृहीतकांवर उभे आहे, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात ‘रूनस्केप’ (२००१) आणि ‘फायनल फॅन्टसी चौदा’ (२०१०, पुनर्रचित आवृत्ती २०१३) या दोन खेळांचा विचार केला आहे. कसोटी म्हणून ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर या तालुक्यांतील वनोपज-संकलन घेतले आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी समाजाचे जंगलाशी असलेले नाते संकलनाचे आहे तसेच कारागिरीचेही आहे. त्यामुळे खेळ ज्या श्रमाचे रूपक करतो, तो श्रम येथे प्रत्यक्ष पाहता येतो.

पारख कोठे राहते?

‘रूनस्केप’मधील रचना साधी आहे. कुऱ्हाड प्रथम ब्राँझची, मग लोखंडाची, मग पोलादाची आणि पुढे काल्पनिक धातूंची होत जाते. धातू वरचा, तसे लाकूड लवकर तुटते. मात्र वरची कुऱ्हाड वापरण्यासाठी खेळाडूने लाकूडतोडीतील ठरावीक पातळी गाठलेली असावी लागते. सरावाला येथे निदान प्रवेशमूल्य तरी आहे.

‘फायनल फॅन्टसी चौदा’ अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यात संकलकांचे तीन व्यवसाय आहेत: खाणकाम, वनस्पती-संकलन आणि मासेमारी. कारागिरांचे आठ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, लोहार, चर्मकार, विणकर येतात तसा आचारीही येतो. संकलकाच्या गुणांपैकी एकाला ‘पारख’ असेच म्हणावे लागेल, कारण तो नजरेचा गुण आहे. परंतु हा गुण जवळजवळ संपूर्णपणे अंगावरील टोपी, हातमोजे, जोडे आणि हातातील अवजार यांतून येतो. साज उतरविला की पारखही उतरते. ज्ञान शरीरातून काढून वस्तूत ठेवल्याखेरीज ते विकता येत नाही आणि त्याची श्रेणीही लावता येत नाही; खेळाच्या रचनेची ही गरज समजण्यासारखी आहे. तथापि संकलनाचे चित्र म्हणून ते उलटे आहे.

मुरबाडच्या रानात जाणाऱ्या संकलकाचे अवजार म्हणजे कमरेच्या आकडीत अडकविलेला कोयता. कोयत्यात ‘बढती’ अशी फारशी होत नाही. धार जाते, ती पुन्हा लावली जाते. मूठ सैल होते, ती बदलली जाते. गुळवेलीचे खोड किती तोडावे, वेल पुन्हा फुटण्यासाठी किती ठेवावी, कोणत्या झाडावरची घ्यावी, हे कोयत्याच्या पोलादावर अवलंबून नसते.

झिजेचा हिशेब

या टीकेबरोबर खेळाच्या एका गुणाची दखल घेणे न्याय्य ठरेल. ‘फायनल फॅन्टसी चौदा’त साज वापराने झिजतो, पूर्ण झिजला की त्याचे गुण लाभत नाहीत आणि तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. शिवाय वापर वाढत जातो तसा वस्तूशी एक बंध वाढतो आणि तो पूर्ण झाला की तिच्यातून शक्तिदायी खडा काढता येतो. आरंभी असा खडा काढताना वस्तू नष्ट होत असे. पुढे तो नियम बदलला. वापराने वस्तूचे मोल वाढते, ही कल्पना खंडेनवमीला जुनीच अवजारे पूजणाऱ्या समाजाला परकी वाटू नये.

दुरुस्तीचे हे भान प्रत्यक्षातील योजनांत मात्र क्षीण दिसते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांतील कारागिरांना अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. (त्या यादीत लोहाराप्रमाणे चिलखतकारही आहे, खेळाच्या आठ व्यवसायांतही तो आहे, हा योगायोग मनोरंजक म्हणावा लागेल.) योजनेत प्रशिक्षण आणि कर्ज यांचीही तरतूद आहे, तरी नवा संच म्हणजे प्रगती, हे तिचे एक गृहीतक खेळाच्या गृहीतकाशी जुळते. म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला अवजार विकत घेता येते. वर्षभर ते चालते ठेवणारा गावचा लोहार टिकेल काय, हा प्रश्न संचाने सुटत नाही. संकलक तर या १८ व्यवसायांत नाहीच.

झाडावरचा हक्क

दोन्ही खेळांत तोडलेले झाड काही काळाने पुन्हा उभे राहते. ‘फायनल फॅन्टसी चौदा’त तर एकाने घेतले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही. तेथे वनरक्षक नाही, परवाना नाही, मालकी नाही. सारे झाडे जेव्हा सर्वांना खुली असतात, तेव्हा माणसामाणसांत फरक उरतो तो फक्त अवजाराचा. अवजाराच्या बढतीला खेळात एवढे महत्त्व येते ते यामुळे.

कातकऱ्यांचा इतिहास याच ठिकाणी खेळाला छेद देतो. खैराच्या लाकडापासून कात पाडणे हा त्यांचा व्यवसाय. समाजाचे नावही त्यावरूनच आले. तोडणे, उकळणे, आटविणे, वड्या करणे अशा क्रमात संकलक आणि कारागीर एकच होता. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगलावरील शासनाचा ताबा दृढ केला आणि खैर हाताबाहेर गेला. कोळशाच्या भट्ट्या आणि पुढे वीटभट्ट्यांवरचे स्थलांतर हे त्यानंतरचे वास्तव होय. त्या काळी कुऱ्हाड कितीही उत्तम असती तरी काय फरक पडला असता? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी, संकलन आणि विक्री यांचा हक्क मान्य केला. या कायद्याने कोणाच्या हातातील कोयता बदलला नाही. कोयता घेऊन रानात जाणाऱ्याचे स्थान बदलण्याची शक्यता मात्र निर्माण केली.

शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कातकरी तरुणांनी वनधन योजनेच्या आधाराने गुळवेल गोळा करून विकण्याचे काम उभारले आणि २०२०-२१ च्या सुमारास त्यांना औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक मागणी आल्याचे ट्रायफेडने जाहीर केले. गुळवेल तोडण्याची रीत तीच होती. बदलले ते तोडणीनंतरचे: तुकडे करणे, वाळविणे, साठविणे, एकत्रित वजन करणे आणि मोठ्या खरेदीदाराशी थेट बोलणे.

खेळातही विक्रीची सोय आहे. ‘फायनल फॅन्टसी चौदा’च्या बाजारफलकावर प्रत्येक विक्रेत्याला इतरांचे भाव दिसतात आणि तो आपला भाव स्वतः लिहितो. संकलकाच्या बाजूने पाहता खेळातील सर्वांत अद्भुत वस्तू हा फलकच आहे; परंतु अवजाराप्रमाणे त्याला श्रेणी नाही, आणि म्हणून खेळाडूंच्या चर्चेत त्याला प्रगतीचे साधन असे कोणी म्हणत नाही.