सोवळ्यापासून प्लेगपर्यंत : 'स्मृतिचित्रे'तली भीती

'स्मृतिचित्रे'चं नाव काढलं की बोलणं हमखास विनोदाकडे वळतं. टिळकांचा विसराळूपणा, घरातलं दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची सवय, त्यापायी लक्ष्मीबाईंची उडणारी तारांबळ. शाळेच्या पुस्तकातून आपल्यापर्यंत पोचल्या त्या या लक्ष्मीबाई : हजरजबाबी, भोळ्या, संसाराला कंटाळून हसणाऱ्या. हे सगळं पुस्तकात आहेच. पण मला हे पुस्तक दरवेळी भीतीचं पुस्तक वाटतं. एका बाईच्या मनात लहानपणापासून घर करून बसलेली भीती कशी कमी होत गेली, त्यात ख्रिस्ती श्रद्धेचं काम नेमकं काय होतं, आणि ते किती सावकाश झालं, याचा इतका प्रामाणिक हिशेब मराठीत दुसरा मला माहीत नाही.

हे आज सांगावंसं वाटतं, कारण 'भीतीवर मात' हा आपल्या फोनवरचा फार खपणारा माल आहे. तीस सेकंदांचा व्हिडिओ, मागे संगीत, आणि 'विश्वास ठेवा, सगळं बदलेल' असं सांगणारं कुणीतरी. धर्म कुठलाही असो, साचा एकच : आधी अंधार, मग एक क्षण, मग उजेड. मी स्वतः चार ओळी लिहून तीन पुसणारी बाई आहे. त्यामुळे असा क्षण कुणाच्या आयुष्यात खरंच येतो का, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता साहित्याचा नाही.

आधी थोडी माहिती, पुस्तक न वाचलेल्यांसाठी. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकराव्या वर्षाच्या आसपास नारायण वामन टिळकांशी लग्न. टिळक कवी, फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. 1895च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको नि लहानगा दत्तू मागे राहिले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला आल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919मध्ये गेले. लक्ष्मीबाई 1936मध्ये. 'स्मृतिचित्रे' 1934पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं, शेवटचा चौथा भाग त्यांच्या मृत्यूनंतर.

आता भीतीकडे येऊ. पुस्तकाची सुरुवातच एका फाशीने होते. सत्तावनच्या बंडात लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने वेडाचं रूप घेतलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. मीठसुद्धा. हा प्रसंग वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाईंनी तो हसवत सांगितलाय. पण मीठ धुतलं तर उरेल काय? धाकाने चाललेल्या घरातही नेमकं हेच होतं. शुद्धता राहते, चव जाते. मुलगी शिकते ती एकच गोष्ट : शिवू नकोस. विटाळाची भीती कुठल्या पोथीतून तिच्याकडे आली नव्हती. ती आली एका माणसाला बसलेल्या धक्क्यातून, आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या हातापायांत भिनली. लक्ष्मीबाई हे सिद्धांत म्हणून कुठेही मांडत नाहीत. त्या फक्त आधी फाशी सांगतात, मग मीठ सांगतात.

दुसरी भीती 1895ची. नवरा ख्रिस्ती झाला, या बातमीचा त्या काळच्या ब्राह्मण घरात अर्थ काय होता, हे आज नीट कळायला थोडं थांबावं लागतं. नवरा जिवंत आहे, म्हणून ही विधवा नाही. नवऱ्याने टाकलेलं नाही, त्याला ती हवी आहे. पण त्याच्याकडे गेली तर जात गेली, माहेर गेलं, पंगत गेली. नाही गेली तर संसार गेला. बाईची ओळख जिथे कुंकवावरून ठरत होती, तिथे हिच्या अवस्थेला नावच नव्हतं. पंढरपूरला बहिणीच्या आधाराने काढलेले दिवस या पोकळीतले आहेत. त्या भागातली लक्ष्मीबाईंची भाषा मला फार महत्त्वाची वाटते. तिथे विनोद पातळ होतो, पण संपत नाही. दुःखाने वेडी झालेली बाई स्वतःकडे जरा लांबून बघते आणि त्या लांबीतूनच तिला श्वास घेता येतो. श्रद्धा अजून आलेली नाही, पण ती जिथे येऊन बसणार आहे ती जागा तयार होतेय.

मग नगर. पुस्तकातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं घेऊन आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं. म्हणजे प्रेमाने त्यांना घराबाहेर काढलं, पण भीती सोबत आलीच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनाने एक साधी गोष्ट पकडली : प्राण्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांच्या दिसत नाहीत. मग या जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने केल्या असतील तर त्या पाळायच्या कशाला? आणि ठरवलं, की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं.

इथे काय झालं ते पाहा. आकाशवाणी झाली नाही. डोळे दिपले नाहीत. चुलीजवळच्या बाईने स्वतःच्या डोक्याने एक प्रश्न सोडवला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. साच्यातल्या गोष्टीत श्रद्धा आधी येते आणि ती भीती घालवते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत भीतीची एक वीट आधी निघाली, आणि त्या फटीतून श्रद्धा आत आली. मग श्रद्धेने पुढच्या विटा काढल्या. दोन्ही कामं एकमेकींच्या हातात हात घालून चालली आहेत.

ख्रिस्ती साहित्यात 'साक्ष' नावाचा एक लेखनप्रकार आहे. मी कोण होतो, प्रभू कसा भेटला, आता मी कोण आहे. मराठीत बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हे त्याचं ठळक उदाहरण, नावातच पहाट आहे. पंडिता रमाबाईंनीही आपली साक्ष लिहिली. पण रमाबाईंची वाट विद्वत्तेची होती. 1878मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' नि 'सरस्वती' म्हटलं, 1883मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींशीही त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्यांच्या धैर्याला शास्त्राचा कणा होता. लक्ष्मीबाईंकडे तो नव्हता. नवऱ्याने शिकवलं तेवढंच शिक्षण. म्हणून त्यांचं पुस्तक माझ्यासारखीला जवळचं वाटतं. त्यात युक्तिवाद जिंकल्याचा आनंद नाही, एक घोट पाणी प्यायल्याचा आहे.

आणि मग प्लेग. नगरला साथ आली तेव्हा मिशनच्या आजारी मुलींची शुश्रूषा लक्ष्मीबाईंनी केली. ज्या घरात मीठ धुतलं जात होतं, त्या घरातली मुलगी आता अशा अंगांना हात लावत होती ज्यांना त्या काळी सख्खे नातेवाईकही घाबरत होते. पुस्तकाच्या दृष्टीने पाहिलं तर पहिल्या पानावरच्या स्पर्शाला हे उत्तर आहे. विशेष म्हणजे लक्ष्मीबाई हा संबंध जोडून दाखवत नाहीत. 'पाहा, मी किती बदलले' असं त्या म्हणत नाहीत. साक्ष देणारा माणूस अशी संधी सोडत नाही. त्या पुढच्या कामाकडे वळतात.

स्वतःबद्दलची शंका ही भीतीची धाकटी बहीण. ती जास्त चिवट असते. टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं, दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. पन्नाशी ओलांडलेली, शाळा न पाहिलेली बाई, एका नावाजलेल्या कवीच्या अर्ध्या राहिलेल्या काव्यासमोर बसते. हा आत्मविश्वास कुठून आला? मला वाटतं, त्यांनी 'मला जमेल का' हा प्रश्नच बाजूला ठेवला. काम आपलं नाही, देवाचं आहे, म्हणजे मापही आपलं नाही. स्वतःकडे सारखं बघायचं थांबलं की शंकेला खायला काही मिळत नाही. श्रद्धेचा हा उपयोग मला, श्रद्धाळू नसूनही, समजतो. 'स्मृतिचित्रे'चा जन्मही असाच आहे. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, एवढाच बेत होता. मदतीसाठी लिहायला बसलेल्या बाईच्या हातून मराठीतलं एक थोर आत्मचरित्र झालं.

आता माझ्या तक्रारी. पहिली : ही श्रद्धा नवऱ्याच्या वाटेने आली, आणि पुस्तक त्या वाटेला पुरेसे प्रश्न विचारत नाही. बायकोला न सांगता घेतलेल्या निर्णयाची किंमत बायकोने मोजली. लक्ष्मीबाई ती किंमत पै-पैशासह लिहितात, पण बिल कुणाच्या नावावर फाडायचं ते सांगत नाहीत. विनोद इथे मलमही आहे आणि पडदाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. नगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आले होते. लक्ष्मीबाईंसाठी ख्रिस्ती होणं म्हणजे स्पर्शाची भीती सोडणं. त्यांच्यासाठी ते वेगळंच असणार. ज्याच्या स्पर्शाला जग भीत होतं, त्याने आता मान वर करायची होती. ही दुसऱ्या बाजूची भीती पुस्तकात क्वचितच दिसते. पाणी देणारा हात दिसतो, त्या हाताचा माणूस फारसा बोलत नाही. 'स्मृतिचित्रे'ला डोक्यावर घेताना ही रिकामी जागा लक्षात ठेवायला हवी.

तिसरी तक्रार पुस्तकाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. जोसेफिन इंकस्टर यांच्या 1950च्या इंग्रजी अनुवादाचं नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागोमाग जाते. शांता गोखले यांच्या 2017च्या अनुवादाच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई 'स्पिरिटेड वाइफ' आहेत. तडफदार, पण शेवटी पत्नी. दोन्ही अनुवादांनी हे पुस्तक दूरवर नेलं, त्याचं मोल मोठं आहे. पण मूळ मराठी पुस्तकाच्या नावात ना नवरा आहे, ना मागे जाणं. त्यात स्मृती आहे आणि चित्रं आहेत. बघणारी बाई आहे. टिळक गेल्यानंतरची सतरा वर्षं त्या कुणाच्या मागे चालत होत्या? कराचीला मुलाकडे राहिल्या, लिहीत राहिल्या, आणि चौथा भाग हातात असताना गेल्या.

भीती कशी जाते, याचं उत्तर हे पुस्तक देतं ते तीस सेकंदांत मावणारं नाही. ती एकदम जात नाही. आधी पाणी, मग पंगत, मग आजारी पोरीचं कपाळ, मग कोरा कागद. प्रत्येक वेळी एक गोष्ट शिवून पाहायची. लक्ष्मीबाईंना त्यासाठी ख्रिस्ताचा आधार मिळाला, आणि तो खरा होता, हे त्यांच्या हातांनी केलेल्या कामावरून दिसतं. तुमचा आधार वेगळा असेल, किंवा अजून सापडला नसेल. पुस्तक वाचायला त्याने अडत नाही. फक्त पहिल्या काही पानांवर हसून झालं की ते मीठ लक्षात ठेवा, आणि प्लेगपर्यंत वाचत राहा.